पाणघोडा पाडायचं गणित

आमच्या ताईला कौतुकाचं वावडं आहे. स्वतःचं कोणी केलेलं तिला चालत नाही आणि दुसऱ्याचं तिला करवत नाही. लहानपणी मी चित्र काढून तिच्यापुढे धरलं की ती म्हणायची, "डावा कान मोठा झालाय." कान खरोखरच मोठा असायचा, म्हणून तर जास्त झोंबायचं. पुढे ती बीजगणिताची बाई झाली आणि मी चित्रांना हलवायला शिकले, म्हणजे पोटापाण्यासाठी कार्टून करायला लागले. दोघींनी आपापल्या स्वभावाला शोभेल असा धंदा धरला, असं भाऊजी म्हणतात. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. हा माणूस दिवसाकाठी एखादं वाक्य बोलतो, त्यामुळे ते घरात आठवडाभर पुरतं.

गेल्या वर्षी ताईने शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि जाहीर केलं, की आपण बीजगणिताची पहिली ओळख करून देणारं सॉफ्टवेअर तयार करायचं. हलती चित्रं असलेलं, बोलणारं, वाजणारं. "आपण" म्हणजे आम्ही तिघं, हे तिने गृहीतच धरलं होतं. चित्रं माझी, प्रोग्रॅम भाऊजींचा, धडे ताईचे आणि हुकूमही ताईचेच. भाऊजी आधी एका कंपनीत लिफ्टचे प्रोग्रॅम लिहायचे. त्यामुळे आमच्या सॉफ्टवेअरमधली प्रत्येक वस्तू हळूच निघायची, हळूच थांबायची, आणि थांबल्यावर जणू दार उघडायची वाट बघत क्षणभर तशीच राहायची.

रजेचं खरं कारण ताईने मला एकदा भांडी विसळताना सांगितलं. पाठ माझ्याकडे, नळ पूर्ण सोडलेला, म्हणजे आवाज कापला तरी मला कळू नये.

"माझ्या तासाला कोणी हसत नाही गं," ती म्हणाली. "हसणं सोड, खोकलासुद्धा दाबून धरतात. मध्ये व्हरांड्यातून जाताना ऐकलं. एक मुलगी दुसरीला सांगत होती, आज उणे बाई आल्या नाहीत ना, तर मी जन्मभर शहाण्यासारखी वागेन."

"उणे बाई कोण?"

"मी. सारखे मार्क कापते म्हणून." तिने धुतलेलीच ताटली पुन्हा धुवायला घेतली. "एवढी वर्षं शिकवलं आणि मुलांना क्षपेक्षा माझीच भीती जास्त. हे सॉफ्टवेअर जमलं तर ठीक. नाही जमलं तर बीजगणित बंद. काकांच्या रंगाच्या दुकानात बसेन. डब्यांना तरी माझी भीती वाटणार नाही."

ताई बोलते ते करते. काकांना तिने तसं कळवूनही टाकलं होतं आणि काका इतके हरखले, की त्यांनी दुकानात तिच्यासाठी गादीची खुर्ची आणून ठेवली. रोज संध्याकाळी फोन करून ते त्या खुर्चीची खुशाली सांगायचे. मला त्या खुर्चीचा मनापासून राग यायचा. बीजगणित ज्या बाईच्या हाडीमासी खिळलंय, ती ऑइलपेंटचे डबे मोजत बसणार म्हणजे काय!

आमचा स्टुडिओ म्हणजे ताईचं जेवणाचं टेबल आणि कपड्यांचं कपाट. आवाज रेकॉर्ड करायचे ते कपाटात, चारी बाजूंनी रजया लटकवून, कारण बाहेर शेजाऱ्यांचा कुत्रा प्रत्येक समीकरणावर आपलं मत द्यायचा. ताई आत शिरली की कपाटातून खणखणीत आवाज यायचा, "क्ष म्हणजे आपल्याला अजून माहीत नसलेली संख्या!" आणि भाऊजी बाहेर बसून मान डोलवायचे.

धड्याची कल्पना ताईची, आणि ती झकास होती. पडद्यावर एक मोठा तराजू. एका पारड्यात बंद पेट्या, प्रत्येकीवर क्ष लिहिलेलं, शिवाय काही सुटी वजनं. दुसऱ्या पारड्यात वजनं, पुढेपुढे तिथेही पेट्या. दोन्ही बाजू समान, म्हणून तराजू सरळ. हेच झालं समीकरण. दोन्ही पारड्यांतून सारखं काढा, दोन्हीकडे सारखे भाग करा, तराजू हलणार नाही, आणि शेवटी एका पेटीत किती भरलंय ते कळेल. कळलं की तो आकडा खालच्या चौकोनात टाकायचा.

"पण हे बघणार कोण?" मी म्हणाले. "नुसता तराजूच बघायचा तर मुलं वाण्याकडे जातील की."

"त्यांनी शिकायचंय. तमाशा बघायचा नाहीये."

"हसायला हवीत ना पण?"

ती गप्प बसली. ताई गप्प बसण्याचा योग फार क्वचित येतो, त्यामुळे मी ती संधी साधून तिथे पाणघोडा घुसवला.

कोट घातलेला, गोल टोपीवाला, तराजूच्या दांडीवर बसून चहा पीत पेपर वाचणारा एक लठ्ठ आणि अत्यंत प्रतिष्ठित पाणघोडा. ताईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता कान निघणार.

"याचं वजन कुठे धरलंस?"

"कसलं वजन? कार्टून आहे ते."

"दांडीवर एवढं धूड बसलंय आणि तराजू सरळ? मुलांनी विचारलं तर काय सांगू? समीकरणाच्या कुठल्या बाजूला लिहू याला?"

यावरून आमच्यात अबोला धरला गेला. मी टेबलाच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, आणि निरोप सगळे भाऊजींमार्फत, म्हणजे निरोप नाहीतच. शेवटी भाऊजींनी आपलं त्या दिवसाचं वाक्य खर्च केलं. "बरोब्बर मधोमध बसवा, काट्याच्या वर, म्हणजे त्याचं वजन कुठल्याच बाजूला जाणार नाही." ताईचा चेहरा असा खुलला, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा आलेला नाही. पाणघोडा मधोमध सरकला आणि घरात पुन्हा चहा एकत्र व्हायला लागला.

उत्तर बरोबर आल्यावर काय दाखवायचं, यावरून पुन्हा जुंपली. मी फुगे केले होते, कारंजं केलं होतं, तुतारी फुंकणारे बेडूक केले होते. ताईने एकेक करत सगळे खोडले.

"बरोबर उत्तराचं एवढं काय कौतुक? ते बरोबरच यायला हवं. एक घंटा वाजव आणि पुढचं गणित आण."

"फक्त टिंग?"

"फक्त टिंग."

"आणि चुकलं तर?"

इथे मात्र तिचे डोळे चमकले. चूक हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. "चुकलं की नुसतं 'चूक' म्हणून सोडायचं नाही. चुकीचा परिणाम दिसला पाहिजे. थोडं चुकलं तर तराजू थोडा कलंडेल, जास्त चुकलं तर जास्त. आपण किती चुकलो ते मुलाला डोळ्यांनी दिसू दे. त्यात अजिबात कसर ठेवू नकोस."

कसर ठेवू नकोस, असं ताई मला जन्मात पहिल्यांदाच म्हणत होती. मग मी कसली ऐकते!

उत्तर एकाने जास्त आलं की पाणघोड्याची टोपी पडायची. दोनाने आलं की चहा कोटावर सांडायचा. तिनाने तो घसरून दांडीला लोंबकळायचा. असं चढत चढत सातापर्यंत. सात म्हणजे माझ्या कारकिर्दीचा कळस. उत्तर साताने जास्त आलं, की तो दांडीवरून सुटायचा, खिडकीबाहेर जायचा, वाळत घातलेल्या कपड्यांतून आरपार निघायचा, फुलाफुलांचा झगा घालूनच परत यायचा आणि थेट साबणाच्या पाण्याच्या टबात धपकन. पाणी पडद्यावर चोहीकडे. मग फेसातून डोकं वर काढून, झग्याची बाही सारखी करत, अगदी सभ्य आवाजात विचारायचा, "कोणी पाहिलं तर नाही ना?"

धपकन हा आवाज आम्ही न्हाणीघरात गरम पाण्याची रबरी पिशवी टबात टाकून काढला होता. आणि ते वाक्य भाऊजींचं. कपाटात शिरून, रजईत अर्धं तोंड खुपसून ते एवढंच बोलले आणि मी बाहेर हसून हसून जमिनीवर लोळले. ताई हसली नाही. तिने विचारलं, "आठाने चुकलं तर?"

आठासाठी माझ्याकडे ना वेळ होता ना कल्पना. आठ किंवा पुढे कितीही जास्त आलं तर नुसता पडदा पडायचा आणि ताईचा आवाज यायचा, "पुन्हा विचार कर." उत्तर कमी आलं तर पाणघोडा दुसऱ्या बाजूला घसरून भिंतीला नाक लावून उभा राहायचा. ती बाजू मी घाईघाईत उरकली होती.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, पण आम्हा तिघांपैकी एकाच्याही आलं नाही. ताईला चुकीचा परिणाम हवा होता, मला पाणघोडा हवा होता, आणि भाऊजी आपल्याला कोणीतरी बोलायला सांगितलं या आनंदातून अजून खाली उतरले नव्हते.

चाचणी ताईच्याच शाळेत ठरली. संचालिकाबाई स्वतः येणार होत्या. त्यांच्या हाताखाली अशा कितीतरी शाळा. मुलांनी गणितं नीट सोडवली तर सॉफ्टवेअर सगळीकडे जाणार आणि पुढचे धडे करायला ताईला आणखी दोन वर्षांची रजा, तीही पगारी. नाहीतर गादीची खुर्ची होतीच.

वर्ग नवा होता, ताईने त्यांना कधी शिकवलेलं नव्हतं, पण तिची कीर्ती आधीच पोचलेली होती. ती कॉम्प्युटरच्या खोलीत शिरली आणि बडबड अशी थांबली की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. एका मशीनपुढे दोन-दोन मुलं, सगळी हात मांडीवर ठेवून. ताईने काय करायचं ते थोडक्यात सांगितलं. कोणी शंका विचारली नाही. मग मुलांना आपलं दडपण नको म्हणून आम्ही शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे भाऊजींनी संचालिकाबाईंसाठी एक वेगळा पडदा लावून ठेवला होता. मुलांनी उत्तर टाकलं की त्यावर ठिपका उमटायचा, बरोबर असेल तर हिरवा, चुकलं तर लाल.

सुरुवातीला हिरवे ठिपके पटापट लागले. प्रत्येक हिरव्याला भिंतीपलीकडून एक टिंग. ताई ताठ बसली होती, पण तिच्या पायाचा अंगठा आनंदाने हलत होता, मला चपलेतून दिसत होतं.

मग एक लाल ठिपका आला. पलीकडून धपकन असा आवाज आला आणि त्यामागून एक किंकाळी. मग खुर्च्या सरकल्या, पावलं धावली, कोणीतरी ओरडलं, "परत कर, परत कर!" मग आणखी एक लाल. मग दोन. थोड्याच वेळात हिरवा ठिपका लागायचाच बंद झाला. सगळ्या पडद्याला गोवर आल्यासारखं झालं. आणि भिंतीपलीकडून सबंध वर्ग एका सुरात विचारायला लागला, "कोणी पाहिलं तर नाही ना?"

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला गुदगुल्या झाल्या. आपला पाणघोडा गाजतोय! भाऊजी तर कानापर्यंत लाजले होते. मग मी ताईकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

"बाई," संचालिकाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मघाची चार-दोन सोडली तर एकही बरोबर नाही हो. म्हणजे तुमचा धडा बघून मुलं येत होतं तेही विसरली."

"हो. दिसतंय."

"आणि हा गोंधळ?"

"हसतायत," ताई म्हणाली, आणि उठून बाहेर गेली.

मी मागोमाग धावले. ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मला जवळ तरी घेता आलं असतं.

"ताई, चूक माझी आहे. मी तो पाणघोडा फार चढवला. काढून टाकू आपण. बेडूकसुद्धा नको. नुसता तराजू ठेवू."

"तुझी नाही गं. पाणघोडा चांगला आहे." तिने एवढं म्हटलं आणि मला धडकीच भरली. ताईने चांगलं म्हणणं म्हणजे आता सगळं संपलं. "मला शिकवता येत नाही, एवढंच आहे. आधी माझ्या धाकाने मुलं गप्प बसायची, म्हणून मला वाटायचं शिकतायत. आता धाक काढला तर बघ. एकाला म्हणून येत नाही. काकांना आजच फोन करते."

"असं नको ना गं करूस."

"करते. पण आधी चुका बघून येते."

"कशाला आता?"

"चूक उगाच होत नसते. प्रत्येक चुकीमागे काहीतरी कारण असतं. कळायला तरी हवं ना, मी काय चुकीचं शिकवलं ते." आणि फाशी जाताना बुटाची नाडी नीट बांधावी तशी ती पदर, पर्स, चष्मा सगळं सारखं करून वर्गाकडे निघाली.

खोलीत कोणाचं लक्षच नव्हतं. जो तो आपापल्या पडद्यात घुसलेला. मुलं खुर्चीवर बसलेली नव्हतीच, काही गुडघ्यावर उभी होती, एकजण टेबलाखालून हसण्याचा आवाज काढत होता. ताई दारालगतच्या मशीनमागे जाऊन उभी राहिली. तिथे दोन मुली होत्या. एकीच्या वेण्या सुटलेल्या, दुसरीने बाही चावायला घेतलेली. पडद्यावर २क्ष + ४ = १८. सुटलेल्या वेण्यांनी टाकलं, १४.

ताईच्या तोंडातून सवयीने निघालंच, "भागायला विसरलात."

"नाही हो, भागलं की," सुटलेल्या वेण्या मागे न बघताच म्हणाल्या. "चार काढले, चौदा राहिले, दोनाने भागलं, सात आले. पण सात टाकलं तर नुसती घंटा वाजते."

"मग चौदा का टाकलंत?"

"सात उत्तर आणि वर सात. साताला तो झगा घालून येतो. वर आठ टाकले तर पडदा पडतो आणि ती खडूस बाई बोलते." आणि मग तिने मागे पाहिलं.

मी आजवर पुष्कळ पाणघोडे काढले, पण त्या मुलीचा चेहरा जसा उतरला तसा मला कोणाचाच काढता आलेला नाही. बाही चावणारीने बाही सोडली. ती कुजबुज एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेली, उणे बाई, उणे बाई, आणि बघता बघता सगळी खुर्च्यांवर आली, हात मांडीवर. पुन्हा पंख्याची कुरकुर.

 ताई पुढच्या मशीनकडे गेली. ३क्ष + ५ = २०. उत्तर पाच, टाकलेलं बारा. त्याच्या पुढच्याकडे गेली. ५क्ष + १ = ४६. उत्तर नऊ, टाकलेलं सोळा. त्याच्याही पुढे. ४क्ष = क्ष + १२. उत्तर चार, टाकलेलं अकरा. ती जवळजवळ पळायला लागली. एका मशीनवर सहाने जास्त होतं, तर तिथला मुलगा घाबरून म्हणाला, "बाई, माझ्याकडून चुकलं."

"काय चुकलं?"

"बेरीज. तेरा हवे होते, बारा झाले. म्हणून तो नुसता बादलीत पडला."

"हे सात कोणी शोधलं?"

 मग मागून एकाने हळूच सांगितलं, "सगळ्यांनी मिळून, बाई. पहिल्यांदा एकाचं खरंच चुकलं होतं आणि तो टबात पडला. मग कितीने पडतो ते शोधायला आम्ही एक जास्त टाकून बघितलं, मग दोन, मग तीन. पण उत्तर आधी काढावंच लागतं. नाहीतर सात कशात मिळवणार?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मला बीजगणित बेताचंच येतं, पण तेव्हा मला सुद्धा कळलं, आणि मी दाराशी उभ्या असलेल्या भाऊजींना आनंदाने एक गुद्दा घातला. त्यांचा चष्मा पडला. त्या पहिल्या चुकीनंतर या वर्गात एकाचंही गणित चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर एखादा ठिपका चुकून तरी हिरवा झाला असता!

संचालिकाबाई मागून आल्याच होत्या. "काय चाललंय इथे?"

ताईने त्यांना सगळं समजावून सांगितलं. इतकी भरभर बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं, तिची वाक्यं एकमेकांवर आपटत होती. संचालिकाबाईंना पटेना. "पण माझ्या पडद्यावर तर सगळं लाल आहे हो. मी वर काय दाखवू?"

"तुम्हीच करून बघा ना," सुटलेल्या वेण्या म्हणाल्या आणि लगेच बाईंच्या मागे लपल्या. कोणत्या बाईंच्या? उणे बाईंच्या!

संचालिकाबाई त्या छोट्याशा खुर्चीत बसल्या. ४क्ष + २ = क्ष + २०. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि शंभर टाकले. पडदा पडला. "पुन्हा विचार कर," ताईचा आवाज म्हणाला. सबंध वर्गाने श्वास रोखला. संचालिकाबाईंचे कान तापले. त्यांनी तीन टाकलं, तर पाणघोडा भिंतीला नाक लावून उभा राहिला.

"असं कसंही टाकून नाही पडत तो," गुडघ्याला पट्टी बांधलेला एक मुलगा पुढे आला. त्याला राहवेना. "आधी दोन्हीकडून एकेक पेटी काढा. आता इकडे किती पेट्या?"

"तीन," संचालिकाबाई म्हणाल्या.

"मग ते सुटे दोन. दोन्हीकडून काढा हं, एकीकडून काढून चालत नाही."

"अठरा उरले. तीन पेट्यांत अठरा... सहा! सहा आलं!" त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "म्हणून तेरा!"

पाणघोडा खिडकीबाहेर गेला, झगा घालून परत आला आणि टबात पडला. संचालिकाबाई अशा हसल्या की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसावा लागला. "अहो, मला कॉलेजात असतानासुद्धा हे कळलं नव्हतं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "घ्या, घ्या तुमची दोन वर्षं. वर्गाची कटकट नको, घरी बसून सगळे धडे करा. फक्त त्या बरोबर उत्तराचं काहीतरी बघा हो. टिंग काय टिंग!"

मी नाचायचीच बाकी होते. पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. मुलांनी तिला घेरलं होतं. आता बाईंची पाळी, बाईंची पाळी, असं चाललं होतं. तिला ओढून खुर्चीत बसवलं आणि सुटलेल्या वेण्यांनी तिच्यासाठी स्वतः समीकरण रचलं, ६क्ष + २ = ५०. ताईने डोळ्याचं पातं लवायच्या आत आठ टाकलं.

"बाई!" सगळा वर्ग कळवळला. "बरोबर नाही टाकायचं!"

ताईने आठ पुसले. तिचं बोट कळफलकावर नुसतंच अधांतरी राहिलं. मी तिची बहीण आहे, मला माहीत आहे, या बाईने जाणूनबुजून चुकीचं उत्तर कधी दिलेलं नाही, दुकानदाराला नाही, आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तिने माझ्याकडे पाहिलं. मग एक दाबला. मग पाच.

धपकन.

वर्ग कोसळला. आणि त्या सगळ्या आरड्याओरड्यात मला ताईचं हसणं वेगळं ऐकू आलं, नाकातून सुरू होणारं, थांबता न येणारं, अगदी लाजिरवाणं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती म्हणत होती, "पुन्हा. पुन्हा दाखवा."

तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हलेना. सुटलेल्या वेण्या ताईच्या खुर्चीला चिकटून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, तुमची रजा कधी संपते?"

 ताईचं हसू थांबलं. हा प्रश्न मुलं कशासाठी विचारतात, ते तिला ठाऊक होतं.

"का गं?"

"नाही, म्हणजे, पुढचा धडा तुम्हीच घेणार ना? का परत दुसरं कोणी?"

ताईने संचालिकाबाईंकडे पाहिलं, मग भाऊजींकडे, मग त्या सुटलेल्या वेण्यांकडे. तिने पर्समधून रुमाल काढून नाक पुसलं.

"उद्या संपते," ती म्हणाली. "उद्या कंस घेऊ. वह्या आणा सगळ्यांनी."